आकडा कोणाचा, गोष्ट कोणाची?

 

आज माहितीपटांबद्दल बोलायचं आहे. माहितीपट म्हणजे नट-नट्या नसलेला सिनेमा. खरी माणसं, खरी जागा, खरं बोलणं. निदान तसा दावा तरी असतो. हल्ली गटाची बैठक झाली, पैसे मोजून वहीत लिहिले, की कुणीतरी मोबाइल पुढे करतं. "ताई, हे बघा. यात सगळं खरं दाखवलंय. सरकार आपल्यापासून लपवतंय." कधी लसीबद्दल असतं, कधी बँकेबद्दल, कधी आणखी कशाबद्दल. आणि मग विचारतात, खरं का हो हे?

याला हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. कारण सरकारी माहिती खोटी पाडणारे माहितीपट झाले आहेत आणि ते खरे निघाले आहेत. काही अर्धे खरे निघाले, काही साफ खोटे. म्हणून आज थोडा इतिहासच सांगते.

सुरुवातीला माहितीपट हे सरकारचंच साधन होतं. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन नावाचं सरकारी खातं सुरू झालं. थिएटरात मोठा सिनेमा लागण्याआधी त्यांची छोटी फिल्म दाखवणं बंधनकारक असायचं. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या ताईंना आठवत असेल, जत्रेतल्या तंबूत बसलं की आधी धरण, खत, नवं बियाणं, मग लाल त्रिकोण आणि 'हम दो हमारे दो'. मागून एका पुरुषाचा भारदस्त आवाज. पडद्यावर बाई दिसायची, पण बोलायची क्वचितच. तिला काय हवं, काय नको, ते तो आवाजच सांगायचा.

हे उलटं करायला बायाच पुढे आल्या. १९८० मध्ये बंगळूरला दीपा धनराज, आभा भैय्या, मीरा राव आणि नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' नावाचा फिल्म बनवणारा गट काढला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या पहिल्या दोन फिल्म मराठीत बोलतात. पहिली १९८१ची 'मोलकरीण'. पुण्यातल्या धुणीभांडी करणाऱ्या बायांनी संप केला, संघटना बांधली, त्याची ती गोष्ट. दुसरी १९८२ची, 'तंबाकू चाकिला ऊब आली'. ती निपाणीची. निपाणी कर्नाटकात, पण बोली आपली. तिथल्या तंबाखूच्या कारखान्यांत हजारो बाया त्या धुरळ्यात राबायच्या, तोंडाला पदर बांधून. युगांतरच्या लोकांनी तिथं मुक्काम केला. बायांचं ऐकलं. काय दाखवायचं, कसं दाखवायचं हे त्यांच्याशी बोलून ठरवलं. कॅमेरा दुरून शूटिंग करून निघून गेला नाही, तो बायांच्या बैठकीत येऊन बसला. फिल्म खरी की खोटी हे तपासताना मी आधी हेच बघते, कॅमेरा कुणाजवळ किती वेळ बसला.

त्याच दीपा धनराज यांनी १९९१ मध्ये एक माहितीपट केला, 'समथिंग लाइक अ वॉर'. म्हणजे जवळजवळ युद्धच. कुणाविरुद्ध युद्ध? तर आपल्या शरीराविरुद्ध. विषय होता सरकारचा कुटुंब नियोजन कार्यक्रम.

आता ही फिल्म समजायची तर थोडं मागं जावं लागेल. भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला. एवढ्या लवकर असा सरकारी कार्यक्रम दुसऱ्या कुठल्याच देशानं सुरू केला नव्हता. पुढं सगळा भर ऑपरेशनवर आला. केरळात एर्नाकुलमला जुलै १९७१ मध्ये एका महिन्याच्या शिबिरात ६३ हजारांवर पुरुषांची नसबंदी झाली आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला. मग आली आणीबाणी. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २७ लाख ऑपरेशनं झाली होती. १९७६-७७ या एका वर्षात झाली ८२ लाखांहून जास्त, आणि त्यातली ६२ लाख पुरुषांची. एवढी माणसं एका वर्षात स्वखुशीनं आली असतील का? शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना 'केस' आणायचं टार्गेट होतं. केस आणली नाही तर पगार अडायचा. हरियाणात उटावड गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना धरून नेलं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला जानेवारी १९७६च्या मोहिमेत खेड्यातून शहरात आलेल्या माणसांना रस्त्यावरून ओढून नेल्याची नोंद आहे. आणि ज्या महाराष्ट्राला आपण पुरोगामी म्हणतो, त्याच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. असं करणारं आपलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच.

आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगानं नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यू नोंदवले. अविवाहितांची नसबंदी झाल्याच्या ५४८ तक्रारी नोंदवल्या. १९७७च्या निवडणुकीत लोकांनी सरकार पाडलं, त्याला हेही एक मोठं कारण होतं.

इथंच बायांच्या वाट्याची गोष्ट सुरू होते. पुरुषांनी एका निवडणुकीत सरकारला दणका दिला. पुन्हा पुरुषांच्या वाटेला जायची कुठल्याही पक्षाची हिंमत झाली नाही. पण कार्यक्रम चालूच होता, आकडे भरायचेच होते. मग सगळा मोर्चा बायांकडे वळला. कारण बाई ओरडत नाही. ओरडली तरी मतदानाच्या दिवशी तिचा वेगळा गठ्ठा होत नाही, असा त्यांचा हिशेब. आज देशात लग्न झालेल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं सुमारे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा आहे ०.३ टक्के. हा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट फाडावं लागत नाही, तो लवकर कामाला लागतो, हे सरकारी पत्रकातच छापलेलं असतं. तरी हिशेब हा असा.

१९९१च्या त्या फिल्ममध्ये एक ऑपरेशनचं शिबिर आहे. बाया ओळीनं झोपवलेल्या. दुर्बिणीनं ऑपरेशन करणारे डॉक्टर आपला वेग किती वाढलाय ते अभिमानानं सांगतात, एका मिनिटाच्या आत एक बाई. त्यांच्या बोलण्यात आकडा आहे, बाई नाही. आणि त्याच फिल्ममध्ये दुसरीकडं खेड्यातल्या बाया गोल करून बसल्यात, बाईच्या शरीराचं मोठं चित्र काढतात, आणि बोलतात. पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल, नवऱ्याबद्दल, मुलं किती हवीत आणि कधी हवीत त्याबद्दल. मोकळं, हसत, कधी रागानं. त्या बायांना मूल थांबवायचं नाही असं मुळीच नाही. कधी आणि कसं थांबवायचं, हे कुणी त्यांना विचारत नाही, ही त्यांची तक्रार आहे. कुटुंब नियोजन वाईट असं ती फिल्म म्हणत नाही. ती म्हणते, सरकारनं ऑपरेशनं मोजली. नंतर त्या बाईची कंबर धरली का, टाके पिकले का, तिला आधी गोळ्या-तांबीबद्दल सांगितलं होतं का, हे कुणी मोजलं नाही.

आमच्या भागातल्या पन्नाशी-साठीच्या ताईंना मी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडी 'कॅम्पचं ऑपरेशन' हाच शब्द आला. शाळेच्या खोलीत, सतरंजीवर, सकाळी नेलं आणि संध्याकाळी ट्रॅक्टरनं घरी. एकीनं सांगितलं, मला वाटलं सगळ्या बायांचं असंच होतं, म्हणून बोलले नाही कधी.

फिल्म आली म्हणून लगेच काही बदललं नाही. देशभरातल्या स्त्री संघटना बोलत राहिल्या, कोर्टात गेल्या, १९९४च्या कैरोच्या परिषदेत जगभरच्या बायांनी हाच मुद्दा लावून धरला. १९९६ मध्ये सरकारनं वरून येणारं टार्गेट कागदावरून काढलं. कागदावरून म्हणते, कारण जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री टॉर्चच्या उजेडात दोन तासांत ५३ बायांची ऑपरेशनं झाली. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच डॉक्टरनं काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं केली. नियम होता दिवसाला जास्तीत जास्त ३०चा. तेरा बाया गेल्या. तिथं आधी गोळ्यांत विष होतं असं सांगण्यात आलं, मग जंतुसंसर्गाचा मुद्दा पुढं आला, वाद चालू राहिला. १९९१च्या त्या फिल्ममध्ये जे दिसतं तेच तेवीस वर्षांनी पुन्हा घडलं. अररियाच्या घटनेवरून देविका बिस्वास या कार्यकर्तीनं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल दिला आणि तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करा म्हणून सांगितलं.

ही झाली सरकारला प्रश्न विचारणारी आणि खरी ठरलेली फिल्म. आता पैशाची गोष्ट. ती आपल्या गटांच्या जवळची आहे.

बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावात ४२ घरांना मिळून अवघे २७ डॉलर उसने दिले आणि त्यातून पुढं ग्रामीण बँक उभी राहिली. गरीब बायांना तारण न घेता कर्ज. २००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँक दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. सगळं जग म्हणायला लागलं, छोटं कर्ज दिलं की गरिबी जाते. आपला बचत गट वेगळा, हे इथं सांगून ठेवते. आपण आधी बचत करतो, मग आपलेच पैसे आपण एकमेकींना देतो. तिथं कर्ज आधी.

३० नोव्हेंबर २०१० रोजी नॉर्वेच्या सरकारी टीव्हीवर टॉम हाइनेमन या डेन्मार्कच्या पत्रकाराचा माहितीपट लागला. नाव साधारण असं, छोट्या कर्जाच्या सापळ्यात. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, गावागावांत जाऊन कर्जदार बायांना भेटणं. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायांचा तगादा. दुसरी गोष्ट होती कागदपत्रांची. १९९६ मध्ये परदेशी मदतीचे सुमारे १० कोटी डॉलर ग्रामीण बँकेनं आपल्याच दुसऱ्या संस्थेकडं वळवले, असा आरोप.

गाजली कुठली? दुसरी. नॉर्वे सरकारनं आठवड्याभरात चौकशी करून सांगितलं, पैसे कुणी खाल्ल्याचा पुरावा नाही, तो वाद १९९८ मध्येच मिटला होता. पण तोवर बांगलादेशच्या सरकारला हत्यार मिळालं होतं. पंतप्रधान शेख हसीना बोलल्या की हे गरिबांचं रक्त शोषणं आहे. मार्च २०११ मध्ये वयाचं कारण दाखवून युनूस यांना बँकेच्या पदावरून काढलं. आणि ज्या बायांच्या घरात पत्रकार बसला होता, त्या तीन-चार कर्जांत अडकलेल्या बायांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. माझ्या मते त्या फिल्मचा तोच भाग खरा आणि मोलाचा होता. भांडण मात्र दोन मोठ्या माणसांचं झालं.

आणि तो भाग खरा होता हे बघायला बांगलादेशात जायची गरज नव्हती. त्याच २०१० मध्ये आंध्रात मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीला कंटाळून कर्जदारांनी आत्महत्या केल्या आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच्या दोनच महिने आधी एका बड्या मायक्रोफायनान्स कंपनीचे शेअर बाजारात वाजतगाजत विकले गेले होते. मग समित्या बसल्या, नियम आले. २०२२चे रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या प्रत्येक गटात माहीत असायला हवेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. आणि वसुलीवाला सकाळी ९च्या आत किंवा संध्याकाळी ६नंतर दारात येऊ शकत नाही. आला तर वहीत तारीख-वेळ लिहून ठेवा.

आता लसीचं. मोबाइलवर सगळ्यात जास्त हेच फिरतं.

१९९८ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरनं एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. १२ मुलांवरून त्यानं असा संशय पसरवला की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा आणि मुलांच्या स्वमग्नतेचा संबंध आहे. फक्त बारा मुलं, मैत्रिणींनो. आपल्या एका अंगणवाडीत त्याहून जास्त असतात. ब्रायन डीअर या पत्रकारानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये त्याचाही टीव्हीवर माहितीपट आला. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्डनं पैसे घेतले होते, हे त्यानं बाहेर काढलं. २०१० मध्ये त्या नियतकालिकानं तो लेख मागं घेतला आणि वेकफील्डचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, काही संबंध सापडला नाही.

पण मधल्या काळात, २०१६ मध्ये, एक माहितीपट आला, 'व्हॅक्स्ड'. सरकारी अधिकारी सत्य दडवतात असं त्यात सांगितलं होतं. दिग्दर्शक कोण? तोच वेकफील्ड. न्यूयॉर्कच्या एका महोत्सवातून ती फिल्म काढून टाकली, तर लोक म्हणाले, बघा, दाबतायत म्हणजे खरंच असणार. ज्याच्यावर आरोप आहे त्यानंच पंच व्हायचं, असा हा प्रकार. आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीत हे कुणी चालवून घेईल का?

अशी फिल्म साता समुद्रापार बनते आणि तिचे तुकडे आपल्या मोबाइलवर येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा काही ठिकाणी अफवा उठली की ही सुई टोचली की मुलांना पुढं मूल होत नाही. ही अफवा मला नुसती हसण्यावारी नेता येत नाही. मूल न होण्याचीच भीती का? कारण सरकारी गाडी गावात येऊन माणसं धरून नेते आणि मग मूल होत नाही, हे आपल्या आजोबांच्या पिढीनं खरोखर पाहिलेलं आहे. बार्शीची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची, पण ती घराघरात सांगितली जाते. सरकारनं तेव्हा जी बळजबरी केली, तिची भरपाई आज आशाताई दारोदार फिरून करते आहे. आणि नुकसान मुलांचं होतं. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवर पसरला आणि लस न मिळालेली लेकरं दगावली.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची लस आता आपल्या मुलींच्या शाळांपर्यंत येते आहे, म्हणून एक गोष्ट नीट सांगते. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात पाथ नावाच्या अमेरिकन संस्थेनं १० ते १४ वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना ही लस दिली, त्यात बहुतेक आदिवासी, गरीब घरच्या. त्यातल्या सात मुली दगावल्या, गदारोळ झाला, एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. चौकशीत निघालं की मृत्यूंची कारणं वेगळी होती, कुणी बुडून, कुणी साप चावून. लसीनं मुली गेल्या नाहीत. मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र अजून तेच सांगतात.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. आंध्रातले ९,५४३ संमतीचे फॉर्म तपासले तर २,७६३ फॉर्मवर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकाची सही होती. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं यावर कडक ताशेरे ओढले. आईला विचारलंच नव्हतं. हे व्हिडिओत येत नाही, कारण 'फॉर्मवर सही कुणाची' यात थरार नाही. स्कॉटलंडमध्ये २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध झाली, बाराव्या-तेराव्या वर्षी ही लस घेतलेल्या मुलींमध्ये या कर्करोगाची एकही नोंद नाही. मी माझ्या भाचीला लस द्यायला सांगितलंय. आणि तिच्या आईला सांगितलंय, शाळेतून फॉर्म आला की घरी आण, वाच, समजलं नाही तर नर्सबाईंना विचार, आणि सही तूच कर.

मोबाइलवरची फिल्म कुणी पुढं केली की आता आमच्या गटात आम्ही विचारतो. ही बनवली कुणी, त्यात त्याचा काय फायदा? ज्या बाईवर हे घडलं म्हणतात ती यात बोलते का, की नुसता मागचा आवाज? कागद दाखवलाय का? परवा एका ताईंनी चौथा प्रश्न घातला, तो मला फार आवडला. "यात आपल्याला काही विकत घ्यायला सांगतात का?" साखरेच्या आजारावरच्या काढ्याचा व्हिडिओ त्या प्रश्नावर तिथंच गळाला.

एक शेवटचं सांगणं. युगांतरच्या त्या जुन्या फिल्म बर्लिनच्या एका संस्थेनं दुरुस्त केल्या आहेत आणि आता त्या इंटरनेटवर बघता येतात. पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीनंतर आपण 'मोलकरीण' बघणार आहोत. फिल्म अर्ध्या तासाच्या आतली आहे, स्वयंपाकाची वेळ चुकणार नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात निपाणीची. तिकडच्या कारखान्यात काम केलेली कुणाची आई, मावशी, सासूबाई असतील तर स्टेशनवर फोन करा. फिल्म बघायला त्यांनाच पहिल्या रांगेत बसवू, आणि त्यात काय राहून गेलं ते त्यांच्याकडूनच ऐकू.